बाईंचा दुसरा हजेरीपट

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेतली शिक्षिका निवृत्त होते तेव्हा तिला शाल मिळते, श्रीफळ मिळते, समई मिळते आणि एक सल्ला मिळतो : ‘बाईंनी आता कुटुंबाला वेळ द्यावा.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. फक्त कुटुंबाला इतकी वर्षे बाईंचा वेळ मिळत नव्हता, या त्याच्या समजुतीला काडीचाही आधार नसतो. पुतण्याचे लग्न, नणंदेचे बाळंतपण, दिराचा हार्निया आणि मावसभावाच्या मुलीची पत्रिका यांतली एकही गोष्ट नोकरीच्या काळात बाईंना वगळून पार पडलेली नसते. निवृत्तीमुळे फरक पडतो तो एवढाच, की जे काम शाळा सुटल्यावर व्हायचे ते पूर्णवेळ होते आणि हक्काची किरकोळ रजा जाते. सरकारी खात्यात रजेचे नियम असतात. कुटुंब या खात्यात ते अजून कुणी केलेले नाहीत. या सगळ्याचे वर्णन गावात एकाच वाक्यात होते, ‘बाई घरच्यांसाठी चंदनासारख्या झिजल्या.’ माझा आक्षेप त्या चंदनाला आहे. चंदन उगाळले जाते. बाई दुसऱ्यांना उगाळून घेतात. पेडण्यातली मोठी, पाच गावांत आणि तीन शहरांत पांगलेली कुटुंबे अजून एकमेकांच्या दारात जातात, ती रक्ताच्या ओढीने नाही आणि इस्टेटीच्या प्रेमाने तर मुळीच नाही. ती टिकली आहेत चोख प्रशासनाने. आणि त्या प्रशासनाचे शिक्षण सरकारने स्वखर्चाने, स्वतःच्या नकळत, चार वर्गांच्या एका खोलीत दिलेले आहे.

ही खोली कशी तयार झाली ते आधी पाहू. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, १९६३च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. कुठे देवळाच्या अग्रशाळेत, कुठे कुणाच्या ओसरीवर, मग यथावकाश कौलारू इमारतीत. मुले थोडी, इयत्ता चार, शिक्षक एक किंवा फार तर दोन. अशा शाळेत शिकवणे हे व्याख्यान देण्याचे काम नसते, वाटप करण्याचे असते. पहिली पाटीवर ‘ग’ गिरवते आहे तोवर दुसरीला पाढे म्हणायला लावायचे, तिसरीला शुद्धलेखन घालायचे, चौथीला भागाकार द्यायचा आणि चौथीतला हुशार मुलगा भागाकार लवकर संपवून खिडकीकडे बघू लागला की त्याला पहिलीच्या पाट्या तपासायला बसवायचे. मध्ये माध्यान्ह आहाराची डोकी मोजायची, भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला माहिती पाठवायची, निवडणूक आली की मतदार यादी घेऊन घरोघर फिरायचे. या सगळ्यातून जे एक तत्त्व हाडांत मुरते ते असे : मोकळे कुणालाही बसू द्यायचे नाही, कारण मोकळा बसलेला माणूस आधी बडबडतो, मग चिमटे काढतो, मग रडारड होते. मोठे कुटुंब ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे तत्त्व फक्त मुलांपुरते आहे असे वाटणार नाही.

आता याच तत्त्वाचा वापर चवथीला पाहावा. पार्से, कोरगाव, मांद्रे, तुये अशा गावांतल्या मूळ घरांत गणपतीला सगळी शाखा-उपशाखा जमते. चार इयत्तांच्या जागी चार पिढ्या, खोली पुन्हा एकच. आदल्या दिवशी दुपारी गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधायची असते. लाकडी चौकटीखाली केळीच्या पानावर नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, चिबूड, निरफणस, आंबाडे, कांगलां, घागऱ्या असा रानाचा आणि परसाचा माल पडलेला असतो. स्टुलावर पुण्याच्या आयटी कंपनीतला पुतण्या चढवलेला असतो, कारण त्याची उंची सहा फूट आहे आणि त्याला दुसरे काही येत नाही. पण बाई त्याच्या हातात फळ नुसते देत नाहीत. आधी नाव विचारतात. नाव सांगितल्याशिवाय फळ वर जात नाही, आणि चुकले तर खाली बसलेल्या दुबईच्या नातीला विचारले जाते, जिला ते सकाळीच पढवून ठेवलेले असते. राज्याचे कला आणि संस्कृती खाते माटोळी सजावटीची स्पर्धा घेते, बक्षिसे देते, हे योग्यच आहे. पण सहा फुटी अभियंत्याला आठ वर्षांच्या मुलीसमोर कांगलां ओळखता न येण्याची जी लाज वाटते तिच्याइतका परंपरेचा प्रसार कोणतेही बक्षीस करीत नाही. तिकडे स्वयंपाकघरात बाईंनी दोन जावांना शेजारी बसवलेले असते. या जावांचा विहिरीच्या पंपावरून अबोला आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि म्हणूनच एकीला नेवऱ्यांच्या पाऱ्या लाटायला आणि दुसरीला सारण भरायला दिलेले असते. पारी जाड आहे, सारण कमी घाल, एवढे तरी बोलावेच लागते. अबोला सांभाळायचा तर नेवरी तेलात फुटते आणि ती कुणामुळे फुटली याची चौकशी बाईंपुढे होते. भांडणाऱ्या दोन मुलांना एका बाकावर बसवण्याची ही जुनी युक्ती आहे. तिला प्रेम म्हणायचे असेल तर म्हणावे, पण तिच्यात पद्धत आहे हे आधी मान्य करावे.

दुसरा पुरावा कपाटात असतो. जवळजवळ प्रत्येक निवृत्त बाईंपाशी एक लांब, कापडी पाठीचे रजिस्टर सापडते. शाळेच्या जनरल रजिस्टरची सवय सुटत नाही म्हणून त्यात रकाने आखलेले असतात. नाव, जन्मतारीख, तिथी, रक्तगट, लग्न कुठे दिले, सासरचे आडनाव, मुले किती, आहेर काय आला, आपण काय केला. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात ‘मधुमेह, पण सांगत नाही’ किंवा ‘उसने घेतलेले विसरतो’ अशी त्रोटक नोंद. हे नुसते वेड म्हणून सोडून देता आले असते, जर पेडणे गोव्यात नसते. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. वारसाहक्काचा भाग २०१२च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात गेला, पण गाभा तोच राहिला. मुलगा असो वा मुलगी, वाटा सारखा. इस्टेटीतला अर्धा हिस्सा वारसांसाठी राखीव. आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे काजूच्या बागायतीचा एक तुकडा विकायचा तर जमिनीच्या एक-चौदा उताऱ्यावर नावे असलेल्यांचे वारस शोधायचे, त्यात लग्न होऊन गेलेल्या मुली धरायच्या आणि त्या मुलींबरोबर जावईही धरायचे. पेडण्याची अडचण आणखी एक पाऊल पुढची आहे. इथल्या सोयरिकी तेरेखोल नदीच्या पलीकडे, आरोंदा, सातार्डा, बांदा, सावंतवाडीला. १९६१पर्यंत ती सरहद्द दोन राज्यांची नव्हती, दोन देशांची होती. आजही अलीकडे एक-चौदा आणि पलीकडे सात-बारा. वकील कायदा सांगतो, तलाठी नकाशा दाखवतो. पण १९५८ साली पलीकडे दिलेल्या आतेचे नाव सासरी बदलले होते आणि तिचा धाकटा मुलगा आता डोंबिवलीत आहे, हे फक्त रजिस्टर सांगते. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३मध्ये विमाने उडू लागली, आसपासच्या जमिनीला भाव आला आणि पुष्कळ जणांना गावची ओढ एकदम असह्य झाली. त्या ओढीला बाई चहा देतात, आणि रजिस्टर उघडून विचारतात, ‘तू कुणाचा?’

तिसरा पुरावा अर्जांचा. लाडली लक्ष्मी योजनेचे एक लाख, गृह आधारचे महिन्याला १,५०० रुपये, आजोबांची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, नातवाचा उत्पन्नाचा दाखला, अमक्याचे आधार आणि तमक्याचे पॅन जुळत नाही, कारण एकात ‘परब’ आणि दुसऱ्यात ‘परोब’. हे सगळे कागद शेवटी बाईंच्या जेवणाच्या टेबलावर येतात. गंमत अशी की यांपैकी बहुतेक योजनांना बाई स्वतः अपात्र, कारण त्यांना पेन्शन आहे. त्यांच्या नावावर वर्षाला एकच अर्ज, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. सगळ्यांचे सगळे सिद्ध करून देणाऱ्या बाईंना आपण जिवंत आहोत एवढेच सिद्ध करायचे असते, आणि ते यंत्राला पटत नाही, कारण खडू धरून धरून बोटांचे ठसे पुसट झालेले असतात. त्या दिवशी त्यांना पेडण्याला मोटारसायकलवरून कोण नेणार, यावर मात्र कुटुंबात दीर्घ चर्चा होते.

हे फक्त पेडण्यातच होते असे नाही. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मिकेला दि लिओनार्दो यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८७मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. भेटीगाठी ठरवणे, पत्रे आणि कार्डे पाठवणे, फोन करणे, सणाचे जेवण जुळवणे, कोणाशी किती संबंध ठेवायचे याचा विचार करणे, हे सगळे ‘काम’ आहे आणि ते बायका करतात, असे त्यांनी मांडले. त्याच १९८७मध्ये गोव्यात राजभाषा कायदा झाला आणि मेच्या अखेरीस गोवा घटक राज्य झाले, त्यामुळे इथे या निबंधाची दखल घ्यायला कुणाला सवड झाली नाही हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडचा आकडा हवा असेल तर २०१९ची राष्ट्रीय वेळ-वापर पाहणी आहे. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. या मिनिटांत भांडी, झाडू, स्वयंपाक येतो. दोन जावांना शेजारी बसवायचे की समोरासमोर, हा विचार रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या किती मिनिटे चालतो, ते कोणत्या रकान्यात टाकणार? आणि टांझानियातल्या हादझा लोकांत वयस्क बायका कंद खणून नातवंडांना जगवतात, यावरून क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा तर्क मांडला की मुले होण्याचे वय संपल्यावरही बाई दीर्घकाळ जगते, याचे कारण तिच्या या मेहनतीत असावे. तर्क वादग्रस्त आहे. पण आजीची जी मेहनत त्या शास्त्रज्ञांना आफ्रिकेत जाऊन मोजावी लागली, तिची नोंद कोरगावात आहेराच्या रकान्यात सापडली असती.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. ही हसण्यासारखी गोष्ट नाही, हे शोषण आहे. पेन्शन महिन्याच्या सुरुवातीला जमा होते आणि पंधरवड्याच्या आत कुणाची फी, कुणाची कौले, कुणाचा हप्ता यांत वाटली जाते. ‘हांव आसां न्हय!’ हे बाईंचे वाक्य कुटुंबाने बँकेच्या हमीपत्रासारखे वापरलेले आहे. आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, बळकटी देतो. बाई झिजतात असे एकदा म्हटले, की त्यांना रजा द्यावी लागत नाही, मदतनीस द्यावा लागत नाही आणि हिशेब विचारायचा प्रश्नच येत नाही. त्यागाची स्तुती करणे हा कुटुंबाला परवडणारा सर्वांत स्वस्त मोबदला आहे. त्याला फक्त एक शाल लागते, आणि तीही बहुधा बाईंनीच कुणाला तरी दिलेली परत आलेली असते. हेच काम आहे, पद आहे, असे म्हटले तर मग ते किती तास चालावे, पैसे कुठल्या मर्यादेपर्यंत जावेत आणि पुढे कोण, असे अडचणीचे प्रश्न उभे राहतात. चंदनाचा दाखला देणाऱ्यांना हे प्रश्न नको असतात.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या बाजूचा, आणि तो सुना घेतात. कसले शोषण, बाईंना सगळ्यांत नाक खुपसायला आवडते. लग्नपत्रिकेचे प्रूफ लाल शाईने तपासून येते, नवऱ्या मुलाच्या मोबाईलवरच्या संदेशातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले जाते, मुलीने पुढे काय शिकावे हे मुलगी बालवाडीत असतानाच ठरते. हेही खरेच आहे. बाईंना अधिकार आवडतो, आणि तो आवडू नये असे का वाटावे? एवढे काम बिनपगारी करायचे आणि वर लुडबुड नको, ही अट कुठल्या कारकुनानेही मान्य केली नसती. शिवाय हा अधिकार वापरताना बाई जे धोरण पाळतात ते सुनांनी लक्षात घ्यावे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही नापास करायचे नाही असा नियम आणला आणि दहा वर्षांतच तो सैल करावा लागला. बाई नात्यांच्या बाबतीत तो नियम कायद्याच्या आधीपासून पाळत आल्या आहेत आणि अजून पाळतात. गेल्या चवथीला न आलेल्याची गैरहजेरी लागते, कानउघाडणी होते. पण पुढच्या चवथीला त्याचे ताट मांडलेले असते. इतर नातेवाईक एका चुकीवर नाव कायमचे कमी करतात, हा फरक लहान नाही.

तिसरा आक्षेप तरुणांचा. आता व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रजिस्टर कशाला? ग्रुप वाढदिवस सांगतो, विमानतळावरचा फोटो दाखवतो आणि कुणी गेले की पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लावतो. पण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, त्या घरी पहिल्या दिवशी पेज कोण नेणार, तिसऱ्या दिवशी भाजी-चपाती कोणाकडून, मुंबईहून येणाऱ्यांना पेडणे स्टेशनवर कोण घ्यायला जाणार, बाराव्याला भांडी कुठून आणायची, हे वेळापत्रक ग्रुपवर तयार झालेले कुणी पाहिले आहे? जुलै २०२४मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी घुसून कोकण रेल्वे ठप्प झाली. अशा वेळी ग्रुपवर बोगद्याचे व्हिडिओ येतात; सावंतवाडीच्या चुलतभावाला गाडी काढायला लावणारा फोन बाईंचा असतो. ग्रुपला सगळे दिसतात, पण कोण गप्प झाला आहे ते दिसत नाही. वर्गात चाळीस वर्षांत जे शिकता येते ते हेच.

चौथा आक्षेप पुरुषांचा, आणि तो हळू आवाजात असतो. निवृत्त गुरुजीही असतात की! असतात, नक्की असतात. पण गुरुजी निवृत्त झाले की देवस्थान समितीवर जातात, वाचनालयाचे अध्यक्ष होतात, भजनी मंडळात किंवा दशावताराच्या आयोजनात दिसतात. शाळेतला अनुभव ते सार्वजनिक जीवनाला देतात. हरमलचे लक्ष्मीकांत पार्सेकर तर शिक्षकी पेशातून राजकारणात गेले आणि २०१४ ते २०१७ या काळात गोव्याचे मुख्यमंत्री होते. म्हणजे पेडण्यातल्या गुरुजींच्या वाट्याला राज्यही येऊ शकते, बाईंच्या वाट्याला घर येते. यांतले अवघड कोणते, यावर मतभेद असू शकतात. मुख्यमंत्र्याला निदान मुख्य सचिव असतो.

खरी काळजी आक्षेपांची नाही, पुरवठ्याची आहे. सरकारी मराठी प्राथमिक शाळांचा पट घसरत आला, अनेक शाळा बंद झाल्या. २०११मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाल्यावर पालकांना निवड आणखी सोपी झाली. त्या निर्णयाची बाजू इथे तपासायची नाही. पण चार वर्गांची खोली गेली की तीत तयार होणारी बाईही जाते, हा परिणाम कुठल्याच अहवालात येत नाही. नवी शिक्षिका एका इयत्तेचा एक विषय शिकवते, तिचे मस्टर संगणकात असते, बदली म्हापशाला असते आणि निवृत्तीनंतर ती मुलाकडे बंगळुरूला जाण्याचे नियोजन आजच करते आहे. तिला दोष देण्याचे कारण नाही. तिने आईची ओंजळ भरभर रिकामी होताना पाहिलेली आहे. पण मग आत्ताच्या बाईंनंतर जावांना शेजारी कोण बसवणार?

सरकारी शाळेत मुख्याध्यापक बदलले की चार्ज द्यावा लागतो. कपाटे किती, खुर्च्या किती, किल्ल्या कुठे, सगळे लिहून, दोघांच्या सह्या होतात. कुटुंबात असा चार्ज कधीच दिला जात नाही; बाई जातात त्या दिवशी रजिस्टर रद्दीत जाते आणि दहा वर्षांनी वकील ते शोधत फिरतो. बाईंचे काम हे काम आहे, असे ज्याला मनापासून वाटत असेल त्याने पुढच्या निरोप समारंभात भाषण टाळावे आणि चार्ज मागावा. तो भाचीने किंवा सुनेनेच घ्यावा असा काही नियम नाही. स्टुलावर उभा राहणारा सहा फुटी पुतण्या २०१९च्या पाहणीतल्या घरकाम करणाऱ्या पुरुषांच्या सरासरीतला असेल, तर घरकामाची म्हणून त्याची रोजची ९७ मिनिटे असायलाच हवीत. ती कुठे जातात याचा शोध अजून लागलेला नाही. लागला की त्यांतली काही रजिस्टरला द्यावीत. एवढ्यात माटोळी बांधून होणार नाही, पण फळांची नावे पाठ होतील, आणि कोण कुणाशी का बोलत नाही याची यादीही.